अडचण असल्यास आम्हाला सांगा

“नक्षी मागितली की द्यायची. नाही म्हणायचं नाही, आणि उद्या ये असंही म्हणायचं नाही.”

बाई जाऊन बरीच वर्षे झाली होती, पण वहिनी सुईत दोरा ओवायला बसल्या की दोऱ्याबरोबर हे वाक्यही त्यांच्या मनात ओवले जाई. बाईंनी त्यांना भरतकाम शिकवले होते. शिकवताना बाई फारसे बोलत नसत. टाका चुकला तर नुसत्या खाकरत. त्यामुळे शेवटच्या आजारपणात त्यांनी नक्षीच्या कागदांनी भरलेली पत्र्याची पेटी वहिनींच्या स्वाधीन केली आणि चक्क दोन वाक्ये सलग बोलल्या, तेव्हा ही आज्ञा आहे हे वेगळे सांगावे लागले नाही. “जपून ठेवीन,” असे वहिनी म्हणाल्या होत्या. त्यावर बाई खाकरल्या. म्हणजे टाका चुकला होता. “वाटून टाकीन,” वहिनींनी दुरुस्ती केली. मग बाईंनी समाधानाने डोळे मिटले.

आता वाटायच्या तरी कुणाला? गल्लीत भरतकाम करणाऱ्या बायका उरल्या नव्हत्या. मागायला कुणी येईना, आणि न मागता द्यायला जावे तर लोक दाराआडूनच म्हणत, “आम्हाला काही घ्यायचं नाही.” पेटी तशीच राहिली. वहिनींच्या मनाला मात्र चुकलेला टाका रोज टोचत राहिला.

या पेचातून त्यांना त्यांच्या धाकट्या दिरांनी सोडवले. सारी गल्ली त्यांना मोकळेराव म्हणे. ते कॉम्प्युटर दुरुस्त करत, आणि ज्याच्यात्याच्या कॉम्प्युटरमधली विकतची सिस्टिम काढून तिथे मुक्त सिस्टिम बसवत. ती जगभरातल्या लोकांनी मिळून बनवलेली असते, कुणीही वापरावी, कुणीही उघडून पाहावी, सुधारावी आणि दुसऱ्याला द्यावी. भावाच्या शिलाईच्या दुकानात भरतकामाचे मोठे यंत्र आले, तेव्हा त्याच्या जोडीला त्यांनी एक म्हातारा कॉम्प्युटर आणून ठेवला आणि त्यावर तीच सिस्टिम चढवली.

“फुकट मिळाली ना?” थोरले भाऊ, म्हणजे वहिनींचे यजमान मास्तर, यांनी विचारले होते.

“दादा, फुकट नाही. मुक्त. दोन्हींत फरक आहे.”

“पैसे दिलेस?”

“नाही.”

“मग फुकट.”

वहिनींना मात्र तो फरक पहिल्याच दिवशी कळला. त्या म्हणाल्या, “म्हणजे आपल्या बाईंसारखं. मागितलं की द्यायचं.” मोकळेराव असे काही गहिवरले की त्यांनी त्याच बैठकीत वहिनींना एक साइट दाखवली. देशोदेशींच्या भरतकाम करणाऱ्यांनी ती मिळून चालवली होती. कुणीही आपली नक्षी तिथे चढवावी, कुणीही उतरवून घ्यावी.

त्या दिवसापासून वहिनींचा नेम सुरू झाला. दुपारी काम आवरले की पेटीतला एक कागद काढून त्याचे टाके कॉम्प्युटरवर मांडायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून देवाला हात जोडायचे, खाली दुकानात येऊन ती नक्षी साइटवर चढवायची, आणि मगच चहा. नेमाला कधी खंड पडला नव्हता. ताप असताना त्या शाल गुंडाळून आल्या होत्या. दूरच्या कुठल्याशा देशातल्या एका आजीने बाईंची वेल नातवाच्या दुपट्यावर भरून फोटो पाठवला, तेव्हा वहिनींनी तो आधी पेटीला दाखवला आणि मग मास्तरांना.

आणि अशात सरकारची गाळणी आली.

इंटरनेटवर फार घाण साचली आहे, ती गाळून घ्यायला हवी, असे सरकारने ठरवले. हेतू चांगला होता. वहिनींनाही तो पटला. आपण पाणी गाळून पितो, पीठ चाळून घेतो, मग हे का नको? त्यासाठी एक खाते निघाले, खात्याने ‘गाळणी’ नावाचा प्रोग्राम काढला, आणि ज्या कॉम्प्युटरवर गाळणी नाही त्याला इंटरनेट मिळणार नाही असा नियम झाला.

नियम लागू झाला त्या सकाळी वहिनींनी नेहमीप्रमाणे साइट उघडली. साइटऐवजी एक पान आले. वर खात्याचे चिन्ह होते, गाळणी आणि तिच्यामागे उगवता सूर्य. खाली तीन ओळी होत्या.

‘हे पान आपल्यासाठी उघडता येत नाही.

हे आपल्या भल्यासाठीच आहे.

अडचण असल्यास आम्हाला सांगा.’

अडचण होती, म्हणून वहिनींनी शेवटच्या ओळीवर क्लिक केले. तेच पान पुन्हा आले.

मोकळेरावांना बोलावणे गेले. त्यांनी बाह्या सरसावल्या, बराच वेळ खटपट केली आणि खुर्चीत मागे टेकून बसले. “वहिनी, त्यांची गाळणी फक्त विकतच्या सिस्टिमवर चालते. आपल्यावर चालतच नाही.”

“मग आपल्यावर चालणारी मागू या.”

“ती त्यांनी केलीच नाही. आपण आहोत हे त्यांच्या गावीही नाही.”

“मग ती विकतची बसव ना बाबा,” मास्तर म्हणाले. “कशाला डोक्याला ताप?”

“बसवतो. पण हा कॉम्प्युटर म्हातारा आहे, ती चढवली की बसकण मारेल. आणि यंत्राशी त्याची गाठ मी घालून दिलीय, ती सुटेल. मग यंत्र झाकून ठेव आणि हातानं भर.”

फोनवर तर गाळणी आपसूक येऊन बसली होती. तेव्हा वहिनींनी फोनवर साइट उघडून पाहिली. तिथे वेगळेच कारण आले. साइटची खात्याकडे नोंदणी नव्हती. नोंदणी मालकाने करायची होती, आणि साइटला मालक नव्हता.

वहिनी वर गेल्या, चहाचे आधण उतरवले आणि भांडे पालथे घातले. नेम झाल्याशिवाय चहा नाही, हे ठरलेलेच होते. मास्तरांसाठी मात्र त्यांनी एक कप करून आणला. स्वतः प्यायचा नाही तरी दुसऱ्याला करून द्यावा, एवढ्या त्या थोर होत्या. पण बायको समोर हात बांधून शांतपणे बसलेली असताना एकट्याने चहा प्यावा, एवढे मास्तर धीट नव्हते. दुसऱ्या दिवसापासून त्यांनीही सोडला.

“तुम्ही कशाला?” वहिनींनी विचारले.

“सोबत म्हणून,” मास्तर म्हणाले, आणि कपाळाच्या दोन्ही बाजू दाबत कापड बेतायला गेले. त्या दिवशी एका गिऱ्हाइकाच्या पँटची एक तंगडी आखूड झाली. घरात चहाची गाळणी खुंटीला कोरडी लटकत होती, आणि सरकारची गाळणी जोरात चालू होती.

यातच खात्याच्या बिल्ल्यांचे काम अंगावर होते. खात्याच्या उद्घाटनाला बडे साहेब येणार होते, आणि त्या दिवशी प्रत्येक कर्मचाऱ्याच्या छातीवर तळहाताएवढा भरलेला बिल्ला हवा होता. नियम लागू होण्याच्या कितीतरी आधी वहिनींनी हे काम घेतले होते, शब्द दिला होता. बिल्ल्यांचे निळे कापडसुद्धा खात्याने मोजून दिले होते. द्यायचे राहिले होते ते चिन्ह. “चिन्ह आमच्या साइटवर आहे, तिथून घ्या,” असा निरोप होता. कॉम्प्युटरवर खात्याची साइट उघडावी तर तेच पान येई. खात्याची साइट पाहायलाही खात्याची गाळणी लागे. फोनवर साइट उघडे, पण चिन्हावर बोट ठेवले की ‘चित्र उतरवून घेण्यास मनाई आहे’ अशी पाटी येई.

बिल्ले द्यायच्या आदल्या दिवशी सकाळी मोकळेराव एकदम म्हणाले, “वहिनी, काखेत कळसा. अहो, ते चिन्ह रोज आपल्यासमोर येऊन उभं राहतंय की. हेच पान घेऊ. वर केवढं मोठं आणि स्वच्छ चिन्ह आहे.”

त्यांनी त्या पानाचा फोटो काढला, टाके मांडायच्या प्रोग्राममध्ये घातला आणि पेन ड्राइव्हवर घेतला. “खालचा मजकूर तेवढा कातरायचाय. एक गिऱ्हाईक उरकून येतो, आलो की कातरतो,” असे म्हणून पेन ड्राइव्ह यंत्रापाशी ठेवला आणि ते गेले.

वहिनींनी तेवढ्यात खात्यात जाऊन यायचे ठरवले. अडचण असल्यास सांगा असे पानावरच लिहिले होते. पानाला सांगता येत नव्हते, तर माणसांना सांगावे, इतके साधे त्यांचे म्हणणे.

खिडकीतल्या कारकुनाने ते ऐकून घेतले. “साइटच्या मालकाला अर्ज करायला सांगा.”

“तिला मालक नाही.”

“असं कसं? मालक नाही, तर ती आहे कुणाची?”

“सगळ्यांची.”

कारकुनाने चष्मा कपाळावर चढवला. “ताई, सगळ्यांची म्हणजे कुणाचीच नाही. सही कोण करणार?”

“मी केली तर?”

“तुम्ही मालक आहात?”

“थोडीशी.”

“थोड्याशा मालकाला रकाना नाही,” कारकून म्हणाला. पण तो मनाने वाईट नव्हता. त्याने वहिनींना आतल्या साहेबांकडे पाठवले.

साहेब आरशासमोर उद्घाटनाचे भाषण पाठ करत होते. ‘जनतेच्या अडचणी हाच आमचा श्वास’ या वाक्याशी त्यांना दर वेळी धाप लागत होती. वहिनी दाराशी उभ्या राहिल्या.

“साहेब, एक अडचण सांगायची होती.”

“अडचण ना? पानावर दिलंय बघा. ‘अडचण असल्यास आम्हाला सांगा.’ तिथं सांगा.”

“तिथं क्लिक केलं की तेच पान पुन्हा येतं.”

“मग पुन्हा करा.”

“मी आता आलेच आहे, तर तुम्हालाच सांगते.”

“असं तोंडी नाही चालत हो. उद्या प्रत्येक जण येऊन तोंडी सांगायला लागला तर आम्ही कामं कधी करायची?” साहेब पुन्हा आरशाकडे वळले आणि तिथूनच वहिनींच्या प्रतिबिंबाला त्यांनी विचारले, “आणि बिल्ले? उद्या सकाळी मिळतील ना?”

“शब्द दिलाय,” वहिनी म्हणाल्या.

त्या घरी परतल्या तेव्हा संध्याकाळ व्हायची होती. दुकानाच्या पायरीवरच त्यांना यंत्र थांबल्याचा आवाज आला. आत मास्तर घाम पुसत उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर, चहा सोडल्यापासून प्रथमच, हसू होते. टेबलावर टोपलीभर निळे बिल्ले होते.

“झाले सगळे,” ते म्हणाले. “म्हटलं, तू दमून येशील. पेन ड्राइव्ह इथंच होता, लावला आणि उरकून टाकलं. एक दोरा तुटला नाही बघ.”

वहिनींनी एक बिल्ला उचलला. वर गाळणी होती, सूर्य होता. खाली बारीक, सुबक, पांढऱ्या अक्षरांत तीन ओळी होत्या. पहिली ओळ होती, ‘हे पान आपल्यासाठी उघडता येत नाही.’

“अहो, यावर काय लिहिलंय ते वाचलंत?”

“वाचलं की. अक्षर अन् अक्षर उठताना बघितलं. वेलांटीसुद्धा कशी आलीय बघ.”

“आणि अर्थ?”

“सरकारी मजकुराचा अर्थ बघायची मला सवय नाही.”

“नुसतं चिन्ह हवं होतं त्यांना.”

मास्तरांचे हसू हळूहळू उतरले. “मला वाटलं, सरकारी काम आहे, मजकूर असणारच. उलट तीनच ओळींत भागलं म्हणून मी देवाचे आभार मानले.”

तेवढ्यात मोकळेराव कातरायला आले. टोपली पाहून ते कापडाच्या गठ्ठ्यावरच बसले आणि त्यांचे खांदे हलू लागले. ते रडत आहेत असे वाटून मास्तर त्यांच्यासाठी पाणी आणायला निघाले, पण ते हसत होते. “दादा, अरे साऱ्या जगात आजवर कुणी एरर छातीवर लावून फिरला नसेल.”

“हसू नकोस. उसवायला लाग.”

वहिनींनी एक बिल्ला उसवून पाहिला. टाके एवढे दाट बसले होते की तिसऱ्या अक्षराशीच कापड फाटले. दुसरे कापड नव्हते, वेळही नव्हता. मास्तर म्हणाले, “आपण आजारी आहोत असं कळवू या.” मोकळेराव म्हणाले, “यंत्र आजारी आहे असं कळवू या, ते खोटं जास्त टिकतं.” वहिनींनी बिल्ले एकावर एक रचले, स्वच्छ फडक्यात बांधले आणि म्हणाल्या, “शब्द बिल्ल्यांचा दिलाय, बिल्ले नेऊन देईन. आणि चूक झालीय तीही सांगेन. पुढं देव आहे.”

दुसऱ्या दिवशी खात्यात नुसती पळापळ चालली होती. बडे साहेब दहा मिनिटे आधीच आले होते, आणि सरकारी कामात आधी येणे हे उशिरा येण्यापेक्षा वाईट असते. साहेब जिन्यातच भेटले.

“आणलेत? द्या, द्या.”

“साहेब, एक चूक झालीय. आधी ऐकून घ्या.”

“नंतर.”

“बिल्ल्यांवर जे लिहिलंय ना...”

“ताई, ऐकायला वेळ नाही. लावा, सगळ्यांना लावा.” आणि त्यांनी न पाहताच एक बिल्ला आपल्या छातीवर टाचला.

पाहता पाहता सगळ्या छात्यांवर बिल्ले लागले. आपल्या छातीवरचे आपल्याला वाचता येत नाही, आणि कचेरीत दुसऱ्याच्या छातीकडे पाहायला त्या दिवशी कुणाला सवड नव्हती. वहिनी सभागृहाच्या शेवटच्या रांगेत जाऊन बसल्या. पळून जाणे त्यांना बरे वाटेना.

बडे साहेब ओळीने सगळ्यांचा परिचय करून घेत साहेबांपाशी आले आणि थांबले. त्यांनी चष्मा सावरला आणि वाकून पाहिले. मोठी माणसे कुठल्याही मजकुराची शेवटची ओळ तेवढी वाचतात. वरचे हाताखालच्या लोकांसाठी असते.

“‘अडचण असल्यास आम्हाला सांगा,’” त्यांनी मोठ्याने वाचले. “वा. ही कल्पना कुणाची?”

साहेबांनी मान वाकवून छातीकडे पाहिले. त्यांना ते उलटे दिसले, पण जेवढे कळले तेवढ्याने त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. ते म्हणाले, “आमची... खात्याचीच.”

“लोक म्हणतात, सरकार ऐकत नाही. आणि इथं माणसं छातीवर लिहून घेतात. हा बिल्ला फक्त आजच्यापुरता ठेवू नका. रोज लावा. घरून निघताना लावा, घरी पोचेपर्यंत काढू नका. जनतेला दिसला पाहिजे.”

टाळ्या झाल्या. शेवटच्या रांगेत वहिनींनीही सवयीने दोन टाळ्या वाजवल्या आणि मग आपण काय करतो आहोत हे लक्षात येऊन हात मांडीवर ठेवले.

पुढचे सगळे त्या बिल्ल्याने केले. पानावरच्या त्या ओळीवर क्लिक करून लोक थकले होते. आता तीच ओळ पायांनी चालत बाजारात येत होती, बसमध्ये उभी राहत होती, भाजी निवडत होती. लोकांनी सांगायला सुरुवात केली. बसमध्ये एका गृहस्थांनी साहेबांच्या छातीवरची ओळ बोटाने दाखवली आणि पोरीची परीक्षेची साइट कशी अडकली आहे ते शेवटच्या स्टॉपपर्यंत सांगितले. साहेबांचा स्टॉप मधेच होता. दाढी करायला गेले तर न्हाव्याने त्यांच्या गळ्यावर वस्तरा टेकवून ठेवला आणि आपली अडचण सांगितली. साहेबांनी आयुष्यात एवढे लक्षपूर्वक कुणाचे ऐकले नव्हते. मुक्त सिस्टिमवाले तर फार निघाले. एक ग्रंथपाल होते, एक शाळामास्तर होते, अंध असल्यामुळे कॉम्प्युटरकडून वाचून घेणारे एक वकील होते. साहेबांना वाटत होते तेवढी ही जमात विरळ नव्हती. विरळ होती ती फक्त त्यांच्या कानांना.

घरी बायकोने बिल्ला पहिल्या ओळीपासून वाचला. “‘हे पान आपल्यासाठी उघडता येत नाही.’ हे तर मला लग्नापासून माहीत आहे,” ती म्हणाली. मग तिने शेवटची ओळ वाचली आणि स्वयंपाकघरातला गॅस बंद करून आली. तिच्याही अडचणी बऱ्याच साठल्या होत्या.

असे काही दिवस गेल्यावर एका दुपारी साहेब दुकानात आले. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. त्यांनी बिल्ला काढून टेबलावर ठेवला.

“ताई, खालच्या ओळी काढून द्या. कृपा करा.”

“उसवलं तर कापड जातं, साहेब. मी करून पाहिलंय.”

“मग त्यांवर काहीतरी भरा. फूल, पान, काहीही. बड्या साहेबांना सांगेन, सजावट केली.”

“हो, भरून देते. कुठलं फूल हवं?”

मास्तरांनी कात्री थांबवून बायकोकडे पाहिले. या माणसामुळे घरात चहा नव्हता, त्यांची दोन गिऱ्हाइके तुटली होती, आणि ही विचारते आहे कुठले फूल. पण नक्षी मागितली की द्यायची, त्यात कुणी मागितली हे बाईंनी घातलेले नव्हते. वहिनींनी कॉम्प्युटर साहेबांकडे वळवला आणि एकेक नक्षी दाखवू लागल्या. नेम बंद पडला तरी कागद काढून टाके मांडायचे त्यांनी थांबवले नव्हते, त्यामुळे पुष्कळ साठल्या होत्या. वेली, कोयऱ्या, कमळे. साहेब “हं, हं” करत पाहत होते. मग एका नक्षीशी त्यांनी हात वर केला.

एका फांदीवर दोन चिमण्या होत्या, आणि तिसरीसाठी मधे जागा रिकामी सोडलेली होती.

“हे तुमच्याकडे कसं?”

“आमच्या बाईंची नक्षी आहे.”

“ही आमच्या आजीच्या घरी पडद्यावर होती. मी तिला विचारायचो, तिसरी कुठं गेली. ती म्हणायची, येईल.” साहेब थोडे पुढे सरकले. “पण आजीनं तर तो स्वतः भरला होता.”

“आजींनी नक्षी बाईंकडे मागितली असेल,” वहिनी म्हणाल्या. “मागितली की बाई देत असत.”

यंत्राच्या वरचा दोऱ्याचा रीळ आपोआप थोडासा फिरला.

“मला द्याल? बायकोला दाखवीन.”

“हो तर.” वहिनींनी नक्षी पेन ड्राइव्हवर घ्यायला सुरुवात केली.

“या अशा कुठं मिळतात? लोकांना मिळायला हव्यात.”

“मिळत होत्या,” वहिनी म्हणाल्या. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. तो त्यांना जमतच नसे. “साहेब, एक विचारू? तुमच्या बिल्ल्यावर लिहिलंय म्हणून विचारते. अडचण सांगू का?”

साहेबांनी टेबलावरच्या बिल्ल्याकडे पाहिले. मग एक स्टूल ओढून बसले.

वहिनींनी सांगितले. बाई, पेटी, दिलेला शब्द, साइट, मालक नसणे, ती सकाळ. चहाचे त्यांनी सांगितले नाही. ते मास्तरांनी सांगितले, आणि थोडे रंगवून सांगितले. साहेब मधे एकदाही बोलले नाहीत. न्हाव्याकडे वस्तऱ्यामुळे ऐकावे लागले होते; इथे वस्तरा नव्हता.

“बघतो,” ते शेवटी म्हणाले. “शब्द देतो.” आणि बिल्ला, पेन ड्राइव्ह घेऊन गेले. फूल भरायचे तसेच राहिले.

“‘बघतो’ म्हणजे काय, ते आपल्याला माहीत आहे,” मास्तर म्हणाले.

“त्यांनी शब्द दिलाय.”

“सरकारी शब्द आहे तो. पेन ड्राइव्ह गेला बघ.”

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी अंघोळ करून, हात जोडून खाली आल्या आणि त्यांनी दुकानाचे दार उघडले, तर पायरीवर साहेब उभे होते. दाढी केलेली होती. छातीवर बिल्ला होता, तिन्ही ओळींसकट.

“आजची नक्षी द्या,” त्यांनी पेन ड्राइव्ह पुढे केला. “आमच्या आतल्या खोलीत एक कॉम्प्युटर आहे, त्याला अडवत नाहीत. तिथून चढवतो.”

“त्यावर गाळणी नाही?” मास्तर जिन्यातून डोकावले.

“गाळणी त्याच्यावरच बनली. पण त्याच्यावर ती चालत नाही.”

“का हो?”

साहेबांनी रस्त्याकडे एकदा पाहिले आणि आवाज खाली आणला. “तुमच्यासारखीच सिस्टिम आहे. हे तुमच्या धाकट्या भावाला कळू देऊ नका.”

“छे. त्याला कळलं तर फुकट आणि मुक्तमधला फरक मला पुन्हा पहिल्यापासून ऐकावा लागेल.”

वहिनींनी चिमण्यांची नक्षी निवडली आणि पेन ड्राइव्ह साहेबांच्या हातावर ठेवला. “रोज येणार तुम्ही?”

“नियम बदलेपर्यंत. वर लिहून पाठवलंय, एक रकाना वाढवा म्हणून. मालकाच्या रकान्याखाली, ‘सगळ्यांची’ असा. आणि तुमच्या सिस्टिमवर चालणारी गाळणीही मागितलीय. होईल.” ते थोडे थांबले. “वेळ लागेल. तोवर मी आहे.”

“चहा तरी घेऊन जा,” मास्तर म्हणाले, आणि ‘चहा’ हा शब्द त्यांनी जरा रेंगाळत उच्चारला.

“आधी हे चढवतो. चढलं की फोन करतो.” साहेब पायरी उतरले. “मीही घेतलेला नाही अजून.”

वहिनींनी पालथे घातलेले भांडे सुलटे केले, त्यात नेहमीपेक्षा एक कप पाणी जास्त घातले आणि गॅसवर ठेवले. गॅस पेटवला नाही. त्या खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या.

साहेब कोपऱ्यापर्यंत पोचले होते. तिथे पेपर टाकणाऱ्याने सायकल थांबवून त्यांच्या छातीवरचे वाचले आणि सांगायला तोंड उघडले. साहेबांनी बिल्ल्याखालच्या खिशावर एक हात ठेवला, दुसऱ्याने त्याला थांबवले.

“तुमचंही ऐकतो,” ते म्हणाले. “येताना.” आणि खिसा धरून, पेला काठोकाठ भरलेला असल्यासारखे सांभाळत, ते चालू लागले.